जिममधला बेंच पुसण्याची बरोबर पद्धत कोणती? आणि एकट्याने बेंच प्रेस करताना काय बघायचं?

प्रश्न (संध्याकाळची_बॅच): बहुतेक जण सेट झाला की स्प्रेचे दोन फवारे मारतात, लगेच फडकं फिरवतात आणि पुढे जातात. एवढ्याने बेंच खरंच निर्जंतुक होतो का? गजकर्ण अशा बेंचवरून लागू शकतं का? आणि दुसरं, मागे कोणी उभं नसेल तर बेंच प्रेस (बेंचवर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं) कसा करावा?

उत्तर १ (लोखंडी_पहाट): नाही होत. लगेच पुसलं की घाम जातो, जंतू बरेचसे राहतात. प्रत्येक जंतुनाशकाला पृष्ठभाग ओला राहण्याचा ठरावीक वेळ लागतो. तो बाटलीच्या लेबलवर असतो आणि कित्येक द्रावणांचा काही मिनिटांचा असतो. म्हणून आधी कोरड्या कागदाने घाम टिपा, कारण घाम आणि मळ द्रावणाची ताकद खातात. मग बेंच सगळीकडे ओला दिसेल इतका फवारा, लेबलवरचा वेळ जाऊ द्या आणि शेवटी पुसा. अल्कोहोल असेल तर ते वेळेआधीच उडतं, पुन्हा मारावं लागतं. शिवाय रोज मारल्याने रेक्झिनला तडे जातात.

फडक्याची गोष्ट कोणी बोलत नाही. क्वाटर्नरी अमोनियमचं द्रावण (जंतुनाशकाचा एक प्रकार) सुती कापडात अडकून बसतं, बेंचपर्यंत कमीच पोचतं. त्यात दिवसभर सगळ्यांचं एकच फडकं म्हणजे एका बेंचचा मळ दुसऱ्यावर. कागद किंवा एकदा वापरून टाकायचे वाइप्स बरे.

रेक्झिन फाटून आतला फोम दिसत असेल तर तो बेंच कितीही पुसा, साफ होत नाही. कव्हर बदलायला सांगा, तोवर दुसरा बेंच घ्या.

उत्तर २ (त्वचेची_काळजी): गजकर्ण बुरशीमुळे होतं. ते त्वचेला त्वचा लागून पसरतं, तसंच टॉवेल, मॅट, बेंच यांवरूनही. खुणा साधारण ४ ते १४ दिवसांनी दिसतात, त्यामुळे नेमकं कुठून लागलं ते कळत नाही. स्वतःचा मोठा टॉवेल अंथरा आणि बेंचला लागणारी बाजू खूण करून ठेवा, नाहीतर तीच बाजू तोंडाला लागते. जखम असेल तर पट्टीने पूर्ण झाका. नंतर साबणाने २० सेकंद हात धुवा, घामाचे कपडे पिशवीत दाबून ठेवू नका, बाथरूममध्ये चप्पल घाला, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चट्टा उठला तर दुकानातलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. खाज थांबते, बुरशी मात्र पसरते आणि चट्ट्याचं रूप बदलल्याने डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. टॉवेल, मॅट दुसऱ्याला देऊ नका.

उत्तर ३ (रॅक_आणि_रॉड): दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एकट्याने करायचं तर रॅकमध्ये (भोकं असलेल्या उभ्या खांबांची चौकट) करा, साध्या बेंचवर नको. सेफ्टी पिना (रॉड अडवणारे आडवे दांडे) अशा उंचीवर लावा की कंबरेला कमान देऊन छाती वर आली की रॉड छातीला टेकेल, पण कमान सोडून पाठ सपाट केली की रॉड पिनांवर बसेल आणि गळ्यापर्यंत येणार नाही. आधी रिकामा रॉड घेऊन हे तपासा, एका भोकाचा फरकही महत्त्वाचा असतो. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच ठेवा. बिनअंगठ्याची पकड घामाने सुटली तर रॉड थेट छातीवर किंवा गळ्यावर.

पिना लावलेल्या असतील तर कॉलरही (प्लेट जागेवर धरणारे क्लॅम्प) लावा, नाहीतर एक बाजू खाली गेली की प्लेट सरकतात, रॉड उलटतो आणि शेजारच्यालाही लागतो. रॅकच नसेल तर जड वजन एकट्याने करूच नका, डंबेल घ्या. सेट बिघडला तर ते बाजूला सोडता येतात, तेवढी जागा मोकळी आहे ना ते आधी बघा.

उत्तर ४ (लोखंडी_पहाट): रॉडबद्दल एक राहिलं. खरखरीत भागात मृत त्वचा साचते, ती नायलॉनच्या ब्रशने काढा. द्रावण थेट फवारू नका, कागद ओला करून पुसा आणि लगेच कोरडा करा. ब्लीच तर नकोच, गंज चढतो. ट्रेडमिलच्या स्क्रीनलाही हाच नियम, आणि तिथे सेफ्टी क्लिप (ओढली गेली की पट्टा थांबवणारी) कपड्याला अडकवूनच चालू करा.