शब्दचर्चा: ‘राखीव’ की ‘बदली’, ‘पुनरागमन’ की ‘मुसंडी’?

तिसरी घंटा

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी फ्रँक राइकवर लेख लिहिते आहे. चौदा हंगाम एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा), त्यातला बहुतेक काळ दुसऱ्या कुणाच्या तरी मागे, आणि पुढे इंडियानापोलिस कोल्ट्सचा मुख्य प्रशिक्षक. क्वार्टरबॅक, टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) वगैरे शब्द तसेच ठेवणार आहे, त्यावर वाद नको. अडलंय ते साध्या शब्दांपाशी. बॅकअप क्वार्टरबॅकला काय म्हणू? राखीव, बदली, पर्यायी? आणि कमबॅक दिसला की पुनरागमन लिहायचं, हे बरोबर आहे का? आमच्या संपादकांनी तसं सगळीकडे केलंय. एका पानात तो शब्द इतक्या वेळा आलाय की लेख विसर्जनाचा वाटतो.

गिरणगावकर

‘पर्यायी’ आधी काढून टाका. रस्ता पर्यायी असतो, व्यवस्था पर्यायी असते. माणसाला तो शब्द लावला की माणूस वस्तू होतो.

‘बदली’चा वास मला वेगळा येतो. गिरणीत बदली कामगार असायचा. पाळीच्या वेळी फाटकावर हजर व्हायचं, कायमवाला आला नसेल तर त्याच्या यंत्रावर उभं राहायचं, आला असेल तर घरी. काम नाही तर दामही नाही. राइक बफेलो बिल्स संघात मुख्य क्वार्टरबॅक जिम केलीच्या मागे होता, पण तो पगारावर होता, सरावात होता, संघाबरोबर फिरत होता. म्हणून तो ‘राखीव’. कबड्डीतही सात मैदानात आणि पाच राखीव असंच म्हणतो आपण. त्यातला एक आत आला की समालोचक त्याला ‘बदली खेळाडू’ म्हणतो. राखीव ही स्थिती, बदली ही घटना. दोन्ही शब्द लागतील तुम्हाला, जागा पाहून वापरा.

एक खबरदारी घ्या. ‘केलीच्या जागी राइकची बदली झाली’ असं वाक्य करू नका. वाचणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याला आडगावच्या कचेरीत पाठवला.

चौथा डाऊन

‘राखीव’ला माझंही मत. पण त्या शब्दाने बाकावर हाताची घडी घालून बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि राइक तसा नव्हता. लाथेने गोल मारताना चेंडू धरण्याचं काम त्याचं होतं. २७ जानेवारी १९९१, टँपा, पंचविसावा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. बिल्स १९-२० मागे, आठ सेकंद शिल्लक, स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरून लाथ. दोन पायांमधून मागे भिरकावलेला चेंडू गुडघा टेकून बसलेल्या राइकने झेलला, जमिनीवर उभा केला, वरच्या टोकावर बोट ठेवलं. झेलण्यापासून लाथ बसेपर्यंत सगळा मामला सेकंदभराचा. चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. नाव नॉरवुडचं खराब झालं. धरणारा कोण होता ते फारसं कुणाला आठवत नाही. राखीव माणसाचं नशीब ते हेच.

आता कमबॅक. सामना ३ जानेवारी १९९३ चा, बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कचा. केली गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर, म्हणून राइक. मध्यंतराला ह्यूस्टन ऑयलर्स २८-३ पुढे. तिसरं सत्र सुरू होतं न होतं तोच राइकचा पास बबा मॅकडॉवेलने मधेच पकडला आणि थेट टचडाऊन केला. ३५-३. इथून पुढे बिल्सनी त्याच सत्रात चार टचडाऊन केले. दोनांच्या मधे आखूड लाथ मारून चेंडू स्वतःच परत मिळवला, म्हणजे ऑयलर्सना हात लावायलाच मिळाला नाही. आंद्रे रीडने एकट्याने तीन पास टचडाऊनमध्ये घेतले. बिल्स ३८-३५ पुढे. ऑयलर्सनी कशीबशी बरोबरी साधली, जादा वेळेत वॉरन मूनचा पास नेट ओडोम्सने पकडला आणि स्टीव्ह क्रिस्टीच्या ३२ यार्डांच्या लाथेने ४१-३८. ३२ गुणांची पिछाडी! तिकिटं संपली नव्हती म्हणून बफेलोत हा सामना टीव्हीवर दाखवलाच नव्हता. मध्यंतराला कंटाळून उठलेले लोक मग परत आत शिरायला धडपडत होते.

अमेरिकेत त्या सामन्याला नुसतं ‘द कमबॅक’ म्हणतात. याला पुनरागमन म्हणणार?

अनुस्वार

नाही म्हणणार. पुनरागमनासाठी आधी गमन लागतं. ‘पुनरागमनाय च’ आपण निघालेल्या देवाला म्हणतो. राइक त्या दिवशी कुठे गेला होता? तो मैदानातच होता, मार खात होता. पुनरागमन केलं ते त्या उठून गेलेल्या प्रेक्षकांनी.

सामन्यासाठी आपल्या क्रीडापानांवर चांगला शब्द आहे: मुसंडी. दुसरा प्रयोग ‘पिछाडी भरून काढणे’, पण तो बरोबरीपाशी थांबतो. पुढे जिंकले हे वेगळं सांगावं लागतं. मुसंडीत अडवणाऱ्याला बाजूला सारून आत घुसणं आहे, म्हणून या सामन्याला तोच शोभतो. शिवाय राइकने हे आधीही केलं होतं. १० नोव्हेंबर १९८४, मायामी. मेरीलँड विद्यापीठ मध्यंतराला ०-३१, दुसऱ्या अर्धात राखीव राइक उतरला आणि ४२-४० ने जिंकवून परतला. कॉलेजमध्ये एक, एनएफएलमध्ये एक. शीर्षकच ‘दोन मुसंड्या’ द्या.

पुनरागमन हा शब्द फेकून मात्र देऊ नका, त्याच्या कारकिर्दीत खरी पुनरागमनं आहेत. खेळ सोडल्यावर तो धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात गेला, शार्लटमध्ये त्या संस्थेच्या शाखेचा प्रमुखही झाला. तिथून २००६ मध्ये कोल्ट्सकडे उमेदवार प्रशिक्षक म्हणून आला, ते पुनरागमन. आणि १९९५ मध्ये कॅरोलिना पँथर्स हा संघ जन्माला आला तेव्हा पहिल्या सामन्यातला क्वार्टरबॅक राइक होता, संघाचा पहिला टचडाऊन पास त्याचा. २०२३ मध्ये त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून परतला. अकरा सामने, एक विजय, नोव्हेंबरात नारळ. पुनरागमन शंभर टक्के, मुसंडी शून्य.

चौथा डाऊन

अनुस्वार, वा! त्यात एक भर. ३२ गुणांचा विक्रम मोडला १७ डिसेंबर २०२२ ला. मिनेसोटा वायकिंग्ज ०-३३ वरून ३९-३६. हरलेला संघ कोल्ट्स, ज्यांनी जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी राइकला काढलं होतं. आणि वायकिंग्जचा प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल, तोही एके काळचा राखीव क्वार्टरबॅकच. प्लेऑफमधला, म्हणजे बाद फेरीतला, विक्रम मात्र अजून बिल्सचाच आहे.

तिसरी घंटा

राखीव, मुसंडी पक्के. आता कोच. ‘प्रशिक्षक’ मला पुळचट वाटतो. तालमीतला ‘वस्ताद’ चालेल?

गिरणगावकर

मोह होतो खरा, पण नको. वस्ताद तांबड्या मातीत शोभतो. शहरी वाचक ‘मोठा वस्ताद आहे’ म्हणजे बेरकी असंच घेतो, आणि राइकची ख्याती नेमकी उलट, सरळमार्गी माणसाची.

चौथा डाऊन

पुळचट शब्दात नाही, आपल्या सवयीत आहे. क्रिकेटमध्ये मैदानातले निर्णय कर्णधाराचे, म्हणून प्रशिक्षक म्हणजे सराव घेणारा असं डोक्यात बसलंय. इथे प्रत्येक चाल बाहेरून येते, क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर. चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद. हे एकदा लेखात सांगा, मग प्रशिक्षक पुरतो. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला मात्र ‘आक्रमण समन्वयक’ करू नका, जिल्हा परिषदेचं पद वाटतं. फलंदाजी प्रशिक्षक म्हणतो तसं ‘आक्रमण प्रशिक्षक’.

राइक त्या पदावर फिलाडेल्फिया ईगल्समध्ये होता. मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा गुडघा गेला, राखीव निक फोल्स उतरला आणि ४ फेब्रुवारी २०१८ ला सुपर बोलमध्ये पेट्रियट्सवर ४१-३३. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन, हा ब्रेट फाव्हरचा राखीव होता. मैदानात एक राखीव, कडेला दोन माजी राखीव. तुमच्या लेखाचं हे पान असं लिहा की बाकी पानं नसली तरी चालतील.

तिसरी घंटा

लिहिते. २०२५ मध्ये तो स्टॅनफर्ड विद्यापीठात इंटरिम मुख्य प्रशिक्षक होता. प्रभारी की हंगामी?

अनुस्वार

हंगामी. एरवी मी प्रभारी म्हटलं असतं, पण नेमणूक एका हंगामापुरतीच होती. दोन्ही अर्थ फुकटात मिळतात.

आणि सामान्यरूपाचं आताच ठरवा, मुद्रितशोधनात भांडण होतं. एकवचनात क्वार्टरबॅकने, क्वार्टरबॅकला. अनेकवचनात क्वार्टरबॅकांना, क्वार्टरबॅकांची. ‘कोच’ लेखात कुठेही ठेवू नका. ‘पराभवानंतर सगळे कोचावर तुटून पडले’ हे वाक्य मी छापलेलं वाचलंय, आणि मला दिवाणखाना दिसला.