‘द सोप्रानोज’चा शेवट: काळा पडदा कसा वाचायचा?

निशाचर: (शेवट फोडलाय, मालिका पाहायची असेल तर इथूनच परत फिरा.) अमेरिकी माफिया मालिका, 1999 ते 2007, 86 भाग, आणि अखेरीस कुटुंबासोबत हॉटेलात बसलेला टोळीप्रमुख टोनी मान वर करतो नि पडदा काळा! गोळी लागली, की लेखकाने हात झटकले? शेवटची चार मिनिटं पुन्हा पुन्हा पाहूनही उलगडत नाही.

कात्रीवाला: नुसती चार मिनिटं पुरत नाहीत. आधी सहाव्या सीझनचा तेरावा भाग बघा. होडीत टोनीचा मेहुणा बॉबी म्हणतो, मरणाची वेळ येते तेव्हा बहुधा ऐकूही येत नसेल. शेवटून दुसऱ्या भागाच्या अखेरीस टोनीला तेच आठवतं. चौदाव्यात टोनीचा साथीदार सिल्व्हिओ याच्या समोर बसलेल्याला गोळ्या घालतात. रक्त आधी उडतं, काय झालं ते सिल्व्हिओला मागाहून कळतं.

आता शेवटच्या प्रसंगात हॉटेलातली दाराची घंटा मोजा. घंटा, टोनीचा चेहरा, मग टोनीला दिसणारं दार. टोनीची बायको कार्मेला अशीच येते. जॅकेट घातलेला एक अनोळखी माणूस आणि त्याच्या पाठोपाठ टोनीचा मुलगा एजेही. शेवटच्या घंटेला चेहरा आहे, पण दाराच्या जागी काळं. हॉटेलात वाजणारं गाणंही ‘स्टॉप’ शब्दावर तुटतं. साधारण दहा सेकंद काहीच नाही, मग संगीताविना श्रेयनामावली. ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर नेमका तो काळोखच गिळला जातो. मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिप्सचंही तेच, काळं सुरू झालं की संपल्या.

आडवा_प्रश्न: पण टोनीला दिसतं तेच आपण पाहतो, हा नियम तंतोतंत बसत नाही. टोनीची मुलगी मेडो बाहेर गाडी लावायला झटतेय, ते टोनीला कुठे दिसतं? आपल्याला दिसतं. शिवाय मारणार कोण? न्यूयॉर्कच्या टोळीचा म्होरक्या फिल, त्याचा काटा त्याच्याच माणसांच्या संमतीने निघाला, त्या टोळीशी तह झालाय. जॅकेटवाल्याला पाठवणारा कथेत सापडत नाही.

कात्रीवाला: कथेत नाही, मान्य. पण त्या जॅकेटचं नाव ‘मेंबर्स ओन्ली’, सहाव्या सीझनच्या पहिल्या भागाचंही तेच, आणि त्याच भागात टोनीचा काका अंकल ज्युनियर टोनीवर गोळी झाडतो. खूण लेखकाने ठेवलीय. पुढे एका मुलाखतीत त्या लेखकाच्या, डेव्हिड चेसच्या तोंडून ‘मृत्यूचा प्रसंग’ असे शब्दही निसटले.

आडवा_प्रश्न: निसटलेल्या शब्दावर निकाल नको. टोनी वाचला तरी त्याचाच माणूस कार्लो त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार झालाय, म्हणजे कोर्ट आहेच.

मधली_ओळ: गोळीच्या नादात एजेचं वाक्य सुटतंय. चांगले क्षण आठवावेत, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, असं तो बापाला विचारतो. पहिल्या सीझनच्या शेवटी, वादळात मित्र आर्टीच्या हॉटेलात, टोनीने खरंच ते सांगितलेलं असतं. आता त्याला आठवतही नाही. मालिकेच्या शेवटच्या भागातच तो ज्युनियरला सांगतो, की एकेकाळी तू आणि माझे वडील मिळून नॉर्थ जर्सी चालवत होतात. स्मृती गेलेला म्हातारा म्हणतो, ‘छानच की.’