पिकोस दे युरोपा, स्पेन: ६५ वर्षांच्या बाबांना घेऊन कुठल्या वाटा कराव्यात?

घोडबंदरचा_भटक्या (ठाणे)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. पुढच्या सप्टेंबरात मी, बायको आणि बाबा असे तिघं स्पेनला जायचं म्हणतोय. माद्रिद-बार्सिलोना नाही करायचं, थेट उत्तरेला पिकोस दे युरोपाच्या डोंगरांत. कारण बाबा. घोडबंदर रोडला दोन्ही बाजूंनी शेतं होती त्या काळात ते आणि त्यांचे मित्र रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडून रतनगड, अलंग-मदन-कुलंग करायचे, आणि तेव्हा कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेला तिथल्या नारांहो दे बुलनेस या सुळक्याचा फोटो अजून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. नारिंगी उन्हात उभी ताठ भिंत, खाली पाच-सहा ठिपक्याएवढी माणसं. लहानपणी मला वाटायचं हा आपलाच कुठलातरी सुळका असेल.

आता बाबा ६५ आहेत. रोज पहाटे उपवनपासून येऊरच्या पाटोणपाड्यापर्यंत चालत जाऊन येतात, दम चांगला आहे. बीपीची एक गोळी चालू आहे आणि उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो, सांगत नाहीत पण पायरीवर हात टेकतात ते दिसतं.

आठ दिवस मिळतील. मनात आहे ते असं की कारेस नदीच्या दरीतली वाट जाऊन-येऊन, फुएन्ते देचा रोपवे, कोवादोंगाची तळी, आणि जमलं तर उरिएलूच्या (त्याच नारांहोचं तिथलं नाव) भिंतीखाली बाबांना नेऊन उभं करायचं. तिथलं सगळ्यात उंच शिखर २६५० मीटरच्या आतबाहेर आहे म्हणे, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे फार फरक नसावा असं वाटतंय. बरोबर आहे का हे? आणि गाडी भाड्याने घ्यावी की बसने भागेल? कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

पामबीचची_पायवाट (नेरुळ)

आम्ही दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरातच गेलो होतो, मी, नवरा आणि १४ वर्षांची लेक. पहिलं सांगते, उंचीचा आकडा डोक्यातून काढून टाका. पिकोस समुद्रापासून जेमतेम २०-२५ किलोमीटरवर आहेत, त्यामुळे दऱ्यांचा तळ खूप खाली आणि कडे एकदम वर, मध्ये पठार वगैरे भानगड नाही. पोन्सेबोस, जिथून कारेसची वाट सुरू होते, ते समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथून मान वर केली की दोन हजाराचे कडे दिसतात. आपल्याकडे कोकणातून घाटमाथा बघतो ना, तसं, पण दोन्ही बाजूंनी आणि अंगावर आल्यासारखं.

दुसरं म्हणजे दगड. आपला काळा कातळ तिथे नाही, सगळा चुनखडीचा डोंगर. पाऊस पडला की पाणी भेगांतून सरळ पोटात जातं, वर टाकं नाही झरा नाही काही नाही. गडावर टाक्याचं पाणी मिळेल या सवयीने मी फुएन्ते देच्या वर एक लिटर घेऊन फिरले आणि दुपारी दोननंतर लेकीच्या बाटलीतलं घोट घोट पीत होते. माणशी अडीच लिटर धराच.

आता कारेस. एका बाजूने साधारण १२ किलोमीटर, पोन्सेबोस ते काइन गाव. ही वाट मुळात ट्रेकर्ससाठी केलेलीच नाहीये, काइनजवळ नदीचं पाणी अडवून कालव्याने खाली पोन्सेबोसच्या वीजघरात नेलंय, तो कालवा १९१६ ते १९२१ मध्ये खोदला आणि त्याच्या देखभालीसाठी ही पायवाट कड्यात कोरली १९४५ ते १९५० मध्ये. म्हणून सुरुवातीचा एक चढ सोडला तर वाट जवळजवळ सपाट आहे, दीड-दोन मीटर रुंद. पण कठडा नाही. उजवीकडे कातळ, डावीकडे नदी कुठेतरी खाली, नुसता आवाज येतो. ज्यांना दृष्टीभय आहे, म्हणजे खोल दरी बघून भीती वाटते, त्यांनी कातळाच्या बाजूने चालायचं, आम्ही तसंच केलं.

काइनच्या आधी बोगदे लागतात, ते मला सगळ्यात आवडले. छत ठेंगणं, वरून टपटप पाणी, पायाखाली चिखल, आणि मध्येच कातळाला खिडकीसारखी भोकं आहेत त्यातून दरीचा हिरवा तुकडा दिसतो. लेक प्रत्येक खिडकीशी थांबत होती. कालवा कुठे उघडा कुठे झाकलेला सोबत वाहत असतो, पाणी इतकं स्वच्छ की तळाचा खडा न् खडा मोजावा.

अडचण एकच, काइनहून परत यायला सोयीचं वाहन नाही. सरळ वाटेने १२ किलोमीटर, पण गाडीने डोंगराला वळसा घालून यायचं तर दोन तासांहून जास्त. म्हणून बहुतेक लोक आल्या वाटेने परत फिरतात, म्हणजे २४ किलोमीटर, आणि शेवटी तो सुरुवातीचा चढ उतार होऊन समोर येतो, घसाऱ्याचा, थकलेल्या पायांनी. बाबांच्या गुडघ्यासाठी तो वाईट. माझं मत विचाराल तर कारेस अर्धीच करा, किंवा काइनला मुक्काम करा. उरिएलू सोडून द्या, फोटो रोपवेच्या वरून काढा.

आसनगाव_लोकल (ठाणे पूर्व)

ताईंचं कारेसबद्दल शंभर टक्के पटलं, उरिएलूबद्दल नाही पटलं. गेली वीसेक वर्षं माहुलीला नवीन पोरं नेतोय आणि वयस्कर मंडळीही नेलीत, पिकोसला दोनदा जाऊन आलोय. गुडघा किती किलोमीटर चाललात याने दुखत नाही, एका दमात किती उतरलात याने दुखतो. आणि बाबांना ती भिंत बघायचीय ना, चाळीस वर्षं कपाटाच्या दारावर आहे ती. रोपवेच्या वरच्या टोकाला उभं राहून उरिएलू दिसत नाही, मध्ये दुसरे डोंगर आहेत. त्यासाठी पुढे ओर्कादोस रोहोसच्या खिंडीपर्यंत चढावं लागतं, आणि तिथून पलीकडे उरिएलूकडे उतरायची वाट लोखंडी दोर धरून आहे, घसारा, खाली खोल खड्डे. तिकडून बाबांना अजिबात नेऊ नका.

त्यापेक्षा उत्तरेकडून जा. सोत्रेस नावाचं गाव आहे हजारेक मीटरवर, तिथे राहायचं. सकाळी पांदेबानो खिंड, १२१२ मीटर, तिथपर्यंत कच्चा रस्ता आहे, चालत तासाभराचा. खिंडीतून वाट गवताळ उतारांवरून, मग आडवी कड्याच्या पोटातून जाते आणि शेवटी वळणावळणाने चढून वेगा दे उरिएलूच्या निवाऱ्यापाशी, १९५३ मीटर. म्हणजे खिंडीपासून साडेसातशे मीटर चढ, बाबांच्या चालीने चार-साडेचार तास धरा, दिवस मोठा असतो, सप्टेंबरातही आठपर्यंत उजेड आहे. कुठेही दोर नाही, हात लावायला लागेल असा रॉकपॅच नाही. बुलनेस गावाहून वर जाणाऱ्या वाटा नकाशात जवळ दिसतात पण त्या फार उभ्या आहेत, त्या नकोत. आणि महत्त्वाचं, त्याच दिवशी उतरायचं नाही. निवाऱ्यात रात्र काढायची, जेवण तिथेच मिळतं, पण बुकिंग आधी करावं लागतं, सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी गर्दी असते. दुसऱ्या दिवशी सावकाश, दोन काठ्या घेऊन उतरा.

संध्याकाळी ऊन कलतं तेव्हा भिंत खरंच नारिंगी होते. पाचशे मीटरहून जास्त उभी पश्चिम भिंत, आणि तुम्ही तिच्या पायथ्याशी हातात सूपचा वाडगा घेऊन बसलेले असता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे एक स्पॅनिश आजोबा भिंतीकडे बोट करून नातवाला गावाचं नाव सांगत होते, काइन, काइन. कारण १९०४ साली ५ ऑगस्टला हा सुळका पहिल्यांदा सर झाला तो पेद्रो पिदाल हा उमराव आणि काइन गावचा मेंढपाळ ग्रेगोरिओ पेरेस या दोघांनी. तो काइनचा म्हणून त्याला एल काइनेहो म्हणायचे. पायात तागाच्या तळव्याची साधी पादत्राणं, एक दोर, बस. त्या पिदालच्याच प्रयत्नांनी पुढे १९१८ मध्ये कोवादोंगाचा डोंगर स्पेनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. बाबांना हे नक्की सांगा, त्यांना तो मेंढपाळ जवळचा वाटेल.

धुक्याबद्दल कुणी बोललं नाही. समुद्रावरून ढग दरीतून वर चढतात ते अर्ध्या तासात, आपल्या कोकणकड्यासारखंच, फक्त तिथे वाट चुकलात तर चुनखडीत मोठमोठे बंद खड्डे आहेत, त्यांना तिथे होउ म्हणतात, त्यातून बाहेर यायची वाट दिसत नाही. छोट्या वाटांवर पांढरा-पिवळा पट्टा असतो, लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा-लाल, वर गेलं की नुसते दगडांचे मनोरे. एक मनोरा मागे ठेवायचा तो पुढचा दिसल्यावरच. नाही दिसला तर बसायचं. आणीबाणीचा नंबर ११२.

वाशी_सेक्टर_सतरा (नवी मुंबई)

मी शाकाहारी आहे म्हणून खाण्याचं सांगतो, ते कुणी लिहीत नाही. तिथले फेमस पदार्थ फाबादा आणि कोसिदो, दोन्हीत कडधान्य आहे बघून आम्ही खूश झालो पण दोन्हीत डुकराचं मांस असतं, वेगळं काढून देत नाहीत. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया कुठेही मिळते. काब्रालेसचं निळं चीज डोंगरातल्या गुहांमध्ये मुरवतात, वास उग्र आहे पण भाकरीसारख्या जाड पावावर थोडं लावून खाऊन बघा. आणि आर्रोस कोन लेचे म्हणजे आपली तांदळाची खीर, वर साखर जाळून तिचा पापुद्रा केलेला, माझ्या आईला ती इतकी आवडली की तीन दिवस तेच. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळत नाही, बाबांची गोळी जेवणानंतरची असेल तर खोलीवर काहीतरी ठेवा. घरून दाण्याची चटणी, खाकरा, मेथीचे ठेपले न्या. तूप, पेढे असलं दुधाचं नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

गाडीबद्दल, घ्याच. बस आहेत पण सोत्रेससारख्या गावाला बसच्या भरवशावर राहता येत नाही. फक्त कोवादोंगाच्या तळ्यांना सीझनमध्ये दिवसा खासगी गाडी वर सोडत नाहीत, कांगास दे ओनीसहून बस पकडायची. व्हिसासाठी इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण आमच्या पॉलिसीत ट्रेकिंग बाहेर ठेवलेलं होतं, बारीक अक्षरात, ते निघायच्या दोन दिवस आधी कळलं आणि धावपळ करून दुसरी घ्यावी लागली. बाबांचं वय आणि बीपी लिहून, डोंगरातून सुटका यात आहे का ते विचारून मगच पैसे भरा.

पामबीचची_पायवाट (नेरुळ)

आसनगाव दादा, उत्तरेकडून मी गेलेले नाही, तुम्ही म्हणता तसं असेल तर माझं म्हणणं मागे घेते. मुक्काम केला तर नक्कीच वेगळं. फक्त चढायच्या आदल्या दिवशी फुएन्ते दे ठेवू नका, रोपवे ७५३ मीटर वर नेतो चार मिनिटांत पण आलिवाच्या कुरणांतून खाली यायची जी सुंदर वाट आहे ती सगळी उतार आहे, १४ किलोमीटर. रोपवेनेच वर-खाली केलं तरी वाईट नाही. वाऱ्यामुळे बंद पण राहतो, त्याच्यासाठी एक दिवस हातचा ठेवा.

घोडबंदरचा_भटक्या (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना बाबांना वाचून दाखवलं. काइनच्या मेंढपाळाचं ऐकून ते उठले, कपाट उघडलं, फोटोकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले सोत्रेसचं नीट लिहून घे. मग ठरलं ते असं. पहिले तीन दिवस अरेनास दे काब्रालेसला, त्यात कारेस बोगद्यांपर्यंत न जाता फक्त अर्ध्यापर्यंत आणि परत, एक दिवस तळी. मग सोत्रेस, वर निवाऱ्यात एक रात्र, खाली आल्यावर एक पूर्ण दिवस काहीच नाही. शेवटचे दोन दिवस पोतेसला, हवा चांगली असेल तर रोपवे, नाहीतर बाजार.

बायको म्हणतेय बोगदे बघायचेच. आणि दादा, तयारीसाठी बाबांना आता येऊरशिवाय काय करायला सांगू?

आसनगाव_लोकल (ठाणे पूर्व)

बोगदे बघायचेत तर एक दिवस काइनला मुक्काम टाका, पोतेसचा एक दिवस कमी करा, वहिनींचं ऐका. हेडटॉर्च तिघांना हवा, बोगद्यांत आणि निवाऱ्यात रात्री दोन्हीकडे लागतो.

तयारी म्हणाल तर आत्तापासून सोसायटीचा जिना. लिफ्टने वर, चालत खाली, काठ्या घेऊन, पाठीवर पाच किलो, कारण सवय उतरायची करायचीय. गुडघा एकदा डॉक्टरला दाखवून घ्या त्याआधी. दिवाळीनंतर कर्नाळा, जानेवारीत पेब, आणि फेब्रुवारीत मी माहुलीला नेतोच आहे, त्यांना घेऊन या, पहाटेच्या पहिल्या आसनगाव लोकलने. दुसऱ्या डब्यात असतो मी, पुढून. बाबांना म्हणावं तो फोटो पण आणा, बघायचाय.