सँडविचसाठी घरचा लसणाचा सॉस : आपले अनुभव सविस्तर लिहा

तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ पासून आणि तमिळनाडूने ८ एप्रिल २०२५ पासून कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. ती बातमी वाचल्यापासून मुलीच्या डब्यातल्या सँडविचसाठी लसणाचा सॉस मी घरीच करते, तोही अंड्याशिवाय. अर्धा कप थंड दूध, लसणाच्या चार पाकळ्या आणि पाव चमचा मीठ उंच, अरुंद भांड्यात घेऊन हँड ब्लेंडर तळाशी टेकवते आणि एक कप सूर्यफूल तेल बारीक धारेने सोडते. दुधातली प्रथिने तेलाचे कण धरून ठेवतात, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत मिश्रण दाट होते. लिंबाचा रस शेवटी घालते. अडचण एवढीच आहे, की लसूण कधी सौम्य लागतो, तर कधी इतका झोंबतो की मुलगी डबा तसाच परत आणते. आपण हा सॉस कसा करता, प्रमाण काय घेता आणि लसणाचा उग्रपणा कसा आवरता, ते कृपया लिहावे.

दुबईहून

मी सोळा वर्षे येथे राहतो. चिकन शावर्म्याबरोबर मिळणारा पांढराशुभ्र ‘तूम’ हा मूळचा लेबनॉन-सीरियाकडचा सॉस असून तूम म्हणजे अरबीत लसूणच. त्यात अंडे नसते आणि दूधही नसते. लसूण, मीठ, लिंबू आणि तेल एवढ्यावर तो लोण्यासारखा फुलतो, यावर शेजारच्या लेबनीज कुटुंबाने समोर करून दाखवेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. एक कप सोललेला लसूण, एक चमचा मीठ, तीन कप तेल आणि पाव कप लिंबाचा रस हे त्यांचे प्रमाण मी आजही पाळतो. प्रत्येक पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढावा, कारण कडवटपणा बराचसा त्याचाच असतो. मीठ घालून लसूण अगदी गुळगुळीत वाटावा आणि मग तेल सोडावे, तेही सुरुवातीला थेंबाथेंबाने. अर्धा कप तेल जिरले की एक चमचा लिंबाचा रस, पुन्हा तेल, पुन्हा रस, असे आळीपाळीने करावे. या कामाला दहा मिनिटे लागतात आणि त्यात घाई चालत नाही.

पहिल्या दोन खेपांना मी घाई केली आणि तेल वेगळे होऊन वर तरंगले. तिसऱ्यांदा शेजारणीने सांगितल्याप्रमाणे मिक्सरचे भांडे पुसून कोरडे केले, त्यात नव्याने चार पाकळ्या थोड्या लिंबाच्या रसात वाटल्या आणि फुटलेले मिश्रण चमच्याचमच्याने त्यात सोडले, सगळे सावरले. ऑलिव्ह तेल मात्र यात वापरू नये. पात्याखाली फिरले की ते कडू होते.

कोल्हापूरहून

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळते. अखंड पाकळीला उग्र वास नसतो, कारण ॲलिन हे द्रव्य आणि ॲलिनेज हे विकर तिच्यात वेगवेगळ्या जागी असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते आणि जिभेला झोंबते ते हेच. आम्लामुळे हे विकर मंदावते. म्हणून तेलाच्या सॉसमध्ये लसूण लिंबाच्या रसातच वाटावा, नंतर रस घालून तो फायदा मिळत नाही. दुधाच्या सॉसमध्ये असे केल्यास दूध फाटेल. तेथे पाकळ्या न चिरता दुधात तीन-चार मिनिटे उकळाव्यात, म्हणजे उष्णतेने विकर निकामी होते, आणि दूध पूर्ण थंड झाल्यावर पुढची कृती करावी.

नाशिकहून

आमच्याकडे एवढे तेल चालत नाही. अर्धा किलो दही मलमलच्या कापडात पाच तास टांगून त्याचा चक्का करते आणि त्यात तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजलेला लसूण, मीठ व मिरपूड घालून फेटते. चक्का नीट निथळला नाही, तर ब्रेड ओला होतो, म्हणून आधी लोण्याचा पातळ थर देणे मला आवश्यक वाटते. एकदा लिंबात वाटलेला लसूण हिरवा-निळा झाला आणि मी घाबरून सगळे टाकून दिले. ते विषारी होते का?

पुन्हा कोल्हापूरहून

नाही. लसणातली गंधकयुक्त द्रव्ये आणि अमिनो आम्ले आम्लाच्या सान्निध्यात असा रंग देतात. तो सॉस खाण्यास हरकत नव्हती.

नागपूरहून

टिकवण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून आग्रहाने लिहितो. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे, कारण हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. आमच्या घरी अशी बाटली दोन आठवडे ओट्यावर होती. समजल्यावर ती त्याच दिवशी टाकली. आता थोडाच सॉस करतो, लगेच फ्रिजमध्ये ठेवतो आणि चार दिवसांत संपवतो.

मूळ लेखिकेकडून

काल पाकळ्या दुधात उकळून पाहिल्या. पाच मिनिटांनी लसणाची चवच उरली नाही, म्हणून आज सकाळी तीनच मिनिटे ठेवल्या आणि दूध तासभर फ्रिजमध्ये गार केले. सॉस नेहमीसारखाच दाट झाला, लसूण जाणवला पण झोंबला नाही आणि डबा रिकामा परत आला.