रविवारी क्लबहाऊसमध्ये कोण? लेमन-मॅथाऊ की न्यूमन-रेडफर्ड

सेक्रेटरी: रविवारी संध्याकाळी ६ ला क्लबहाऊसमध्ये ज्येष्ठांसाठी सिनेमा. प्रोजेक्टर ए-७०१ ताईंचा. कोणता सिनेमा ते आजच ठरवा, उद्या मला टँकरवाल्यामागे पळायचंय.

नाना (सी-५०२): 'द ऑड कपल', १९६८. जॅक लेमन आणि वॉल्टर मॅथाऊ. विषय संपला.

आबा (बी-१०३): संपला कसा? 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' लावा. पॉल न्यूमन आणि रॉबर्ट रेडफर्ड. मैत्री बघायची तर ती. आणि पंखा एकवर ठेवा, मागच्या वेळी माझा खांदा धरला.

नाना: पंखा दोनवर. उकडतं.

वहिनी (डी-२०४): आबा, कड्यावरून उडी मारतात तोच ना?

आबा: तोच! मागे पाठलागवाले, खाली नदी. किड काही केल्या उडी मारेना. लढू म्हणतो, मरू म्हणतो. शेवटी ओरडतो, मला पोहता येत नाही! बुच इतका हसतो, म्हणतो अरे येड्या, पडूनच मरशील की. आणि मग दोघं मिळून उडी. स्टुडिओला रेडफर्ड नकोच होता, कुणीतरी मोठं नाव हवं होतं. न्यूमन त्याच्या बाजूने उभा राहिला. स्वतः ११ वर्षांनी मोठा, नावाजलेला, त्याला काय गरज होती? एवढं होऊन दोघांचे एकत्र सिनेमे दोनच. हा १९६९ चा आणि १९७३ चा 'द स्टिंग', त्याला ७ ऑस्कर.

ताई (ए-७०१): तो पोर्शेचा किस्सा माहितीये का? न्यूमनला मोटार शर्यतींचं वेड, सतत तेच बोलायचा. रेडफर्डने त्याच्या पन्नाशीला एक चेपलेली भंगार पोर्शे त्याच्या दारात पाठवली. न्यूमन गप्प. काही दिवसांनी रेडफर्डच्या घरात एक जड खोकं, आत तीच गाडी दाबून केलेला लोखंडाचा ठोकळा. रेडफर्डने एका शिल्पकाराकडून त्याचं शिल्प करवलं आणि नेऊन टाकलं न्यूमनच्या बागेत. दोघांपैकी कुणीही याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही 😄

सेक्रेटरी: आपल्याकडे व्हिजिटर पार्किंगमध्ये एक मारुती दोन वर्षं अशीच उभी आहे. मालकांनी बघावे.

नाना: किस्सा झकास. पण ते दोघं देखणे हो. देखण्यांची दोस्ती पडद्यावर फुकटात छान दिसते. मॅथाऊचा चेहरा बघा, न इस्त्री केलेला. सिनेमात त्याच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी पत्ते, सँडविच दोन प्रकारचे, तपकिरी आणि हिरवे. हिरवं म्हणजे काय विचारलं तर म्हणतो, एकतर अगदी ताजं चीज नाहीतर फार जुनं मटण. असल्या घरात बायकोने हाकललेला लेमन राहायला येतो, कोस्टर मांडणारा, हवा शुद्ध करणारा फवारा घेऊन फिरणारा. मॅथाऊ वैतागून त्याच्या ताटाला स्पॅगेटी म्हणतो. लेमन हसतो, म्हणतो ही स्पॅगेटी नाही, लिंग्विनी. मॅथाऊ ताट उचलतो, भिंतीवर भिरकावतो आणि म्हणतो, आता हा कचरा आहे.

वहिनी: ओला की सुका?

सेक्रेटरी: ओला. हिरव्या डब्यात. भिंत मेंटेनन्समध्ये धरली जाणार नाही.

नाना: आणि ती चिठ्ठी! 'कॉर्नफ्लेक्स संपले', खाली सही एफ. यू. लेमनच्या पात्राचं नाव फेलिक्स उंगर. मॅथाऊ म्हणतो, हे फेलिक्स उंगर आहे हे कळायला मला तीन तास लागले.

ताई: नाना, ग्रुपवर पोरं आहेत 🙈

तरुण (ए-३०६): मी वाचतोय, चालू द्या. पण हे प्रत्यक्षात मित्र होते का, की नुसती शूटिंगपुरती?

नाना: ऐक. दोघांचा एकत्र पहिला सिनेमा 'द फॉर्च्यून कुकी', १९६६, दिग्दर्शक बिली वाइल्डर. लेमन गळ्यात पट्टा घालून व्हीलचेअरवर, मॅथाऊ त्याचा लबाड वकील. मध्येच मॅथाऊला हार्ट अटॅक. दुसरा नट घेता आला असता, पण शूटिंग थांबवून त्याचीच वाट बघितली. परत आला तेव्हा इतका वाळला होता की जाड काळा कोट चढवून झाकावं लागलं. त्याच भूमिकेला त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर! पुढे लेमनने आयुष्यात एकच सिनेमा दिग्दर्शित केला, 'कॉच', १९७१. नायक कोण? मॅथाऊ. मॅथाऊ गेला १ जुलै २००० ला, लेमन २७ जून २००१ ला. वर्षाला चार दिवस कमी. दोघंही लॉस एंजेलिसच्या एकाच दफनभूमीत. लेमनच्या दगडावर नाव आणि खाली फक्त 'इन', म्हणजे सिनेमाच्या पाटीसारखं, 'जॅक लेमन इन...' आणि पुढे कोरी जागा.

वहिनी: अरे देवा. काय सुचलं असेल.

आबा: हे मला माहीत नव्हतं.

नाना: स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

तरुण: मग 'ग्रम्पी ओल्ड मेन' का नको? १९९३. हेच दोघं, शेजारी, मिनेसोटात बर्फ फोडून मासे पकडतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांच्या खोड्या काढतात. एक दुसऱ्याच्या गाडीत मासा टाकून ठेवतो, सडेपर्यंत. तुम्हा दोघांवर बेतलेला वाटतो 😜

आबा: माझी गाडी नेहमी लॉक असते.

नाना: काच नीट बंद होत नाही तुमची, मागची डावी.

ताई: पोल टाकलाय. सबटायटल्स इंग्रजीच मिळाल्यात, चालेल ना? अक्षरं मोठी करते.

आबा: चालेल. आम्ही अलका टॉकीजला इंग्रजी सिनेमे बघायचो तेव्हा कुठे होत्या सबटायटल्स. निम्मे संवाद डोक्यावरून जायचे, पुढचा माणूस हसला की हसायचं.

ताई: ऑड कपल ११, बुच कॅसिडी ९, ग्रम्पी ४. नाना जिंकले. सुरुवातीला फेलिक्स जीव द्यायला हॉटेलात जातो आणि खिडकी उघडताना पाठ धरते, तो भाग विनोदी आहे, कुणी घाबरू नका.

आबा: मी मत ऑड कपललाच दिलं. बुच कॅसिडी पुढच्या महिन्यात, लिहून घ्या.

सेक्रेटरी: घेतलं. चहा कोण करणार?

नाना: मी आणतो, थर्मासमधून. आबांचा बिनसाखरेचा वेगळा.

आबा: पंखा?

नाना: दोनवर. तुम्ही शाल आणा.