सनूसी: सूफी की सुधारक?
सूफी म्हणजे कव्वाली नि उरूस, वसाहतवाद्यांशी झुंजले ते कट्टर सुधारक, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मग लिबियातले सनूसी, म्हणजे तिथला एक सूफी पंथ, कुठे बसवायचे? गाणं-नाच तर सुधारकांसारखं त्यांनाही नामंजूरच. १८४३ साली अल-बैदाला त्यांची तिथली पहिली झाविया (आपला मठच म्हणा) उभी राहिली. पुढे काफिल्यांच्या वाटांवर अशी ठाणी पसरली: विहीर, मदरसा, मुसाफिरखाना. टोळ्यांचे तंटेही तिथेच मिटत. सरकारच की ते! इटलीशी लढलेला उमर मुख्तार अशाच एका झावियेचा शेख, मुलांना कुराण शिकवणारा. इटलीचा सेनापती ग्राझियानी याला ही मेख बरोबर कळली. १९३० मध्ये त्याने झाविया बंद करून जमिनी जप्त केल्या. १९३१ मध्ये मुख्तारला फाशी झाली. १९५१ ला स्वतंत्र लिबियाच्या गादीवर बसला तो मात्र सनूसी घराण्यातलाच इद्रीस.