शनिवारचा सिनेमा : घरात सगळे मिळून काय बघता?

पेठकरीण :
परवा माळा आवरताना आमच्या जुन्या टीव्हीचं लाकडी शटर सापडलं. टीव्ही कधीच भंगारात गेला, शटर तेवढं ‘कशाला तरी होईल’ म्हणून राहिलं. सरकवून पाहिलं तर तोच खडखडाट, आणि मी थेट नारायण पेठेतल्या वाड्यात.

1983-84 ची गोष्ट. वाड्यात तेव्हा एकच टीव्ही, तळमजल्यावरच्या काकूंकडे. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा. आम्ही पाचलाच सतरंजी टाकून जागा धरायचो. पडद्यावर मुंग्या आल्या की दादा कौलांवर चढून अँटेना सिंहगडाच्या दिशेला वळवायचा, आणि खालून सगळे ओरडायचे, “आलं, आलं... गेलं!” लागेल तो सिनेमा बघायचा. नापसंती असायचीच कोणाला?

आता कोथरूडला घरात सासूबाई (79), आम्ही दोघं आणि लेक (9). काल साडेआठला बसलो. हा नको, तो पाहिलाय, ह्यात मारामारी आहे, असं करत साडेनऊ वाजले. सासूबाई बसल्या जागी पेंगल्या. त्यांना कुठलाही चालला असता, आमच्यात बसायचं होतं फक्त. रात्रभर चुटपुट लागून राहिली.

म्हणून विचारते. तिन्ही पिढ्या बसतील आणि मध्येच रिमोटकडे हात जाणार नाही असं तुम्ही काय बघितलंत? नुसती नावं नकोत, बघताना घरात काय झालं तेही सांगा.

मुठाकाठ :
कौलांवर मी असायचो. एकदा खापरी फुटली, बाबांनी धुतला. पण सिनेमा पूर्ण दिसला सगळ्यांना.

अद्वैतची_आई :
डबे भरतेय, पटकन लिहिते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) लावा डोळे मिटून. फाळके भारी वेडे होते हे पोरांना लगेच कळतं. त्यात ते रोप वाढतानाचं चित्रीकरण करतात ना, ते पाहून आमच्या चिरंजीवांनी वाटीत वाटाणे पेरले आणि रोज शाळेत जायच्या आधी फोनने फोटो. एकवीस दिवस. मग सगळे फोटो भराभर सरकवून दाखवले आजोबांना. आजोबा चार चार वेळा बघत होते. वाटी अजून खिडकीत आहे, कुट्ट वास येतोय पण टाकू देत नाही.

नानाकाका :
‘श्यामची आई’. 1953, आचार्य अत्रे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा आपल्या मराठीतला आहे, हे मुलांना सांगावं. मात्र रात्री झोपायच्या आधी दाखवू नका. आमची नात शेवटी आई जाते तिथे उठून तिच्या आईच्या मांडीवर जाऊन बसली ती सकाळपर्यंत सोडेना. रविवारी सकाळी बघा, नंतर सगळ्यांनी एकत्र जेवा.

चिंचगुळ :
आमच्याकडे ‘झपाटलेला’ (1993) ने गोंधळ घातला. नवऱ्याला वाटलं धमाल विनोदी, पोरं हसतील. धाकटीने रात्री घरातल्या यच्चयावत बाहुल्या गोणीत भरून बाल्कनीत ठेवल्या आणि दाराला कडी. मग रामदास पाध्यांचे बाहुल्यांच्या खेळाचे व्हिडिओ लावून दाखवले, की बघ, आत हात असतो, आवाज माणूस काढतो. आठवड्याने गोणी आत आली. आता पायमोज्याला बटणं शिवून स्वतःच बोलवते. सहाच्या खालची मुलं असतील तर आधी पाध्ये, मग सिनेमा.

मुठाकाठ :
@चिंचगुळ गोणी बाल्कनीत 😄 बिचाऱ्या बाहुल्या पावसात.

चिंचगुळ :
थंडी होती हो काका. पण एकीला तिने आत घेतलं, तिला खोकला होता म्हणून.

डेक्कनचा_पाऊस :
‘संत तुकाराम’, 1936. लॉ कॉलेज रोडवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता, तिथला हा. आवाज खरखरतो, मुलांनी दहा मिनिटं चुळबुळ केली. पण तुकारामांच्या बायकोचं काम करणारी गौरी तोंडाचा पट्टा सोडते तिथे मुलं जी हसली! मुलगा म्हणाला, ही तर आपली आत्या. आणि पागनीस अभंग म्हणायला लागले की माझी आजी आधीच पुढची ओळ म्हणायची. तिने पहिल्यांदा वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. शेवटी विमान आलं तेव्हा खुर्चीतून उठून हात जोडून उभी राहिली, गुडघे दुखत असताना. आम्हीही उठलो मग.

नानाकाका :
@डेक्कनचा_पाऊस अंगावर काटा आला. प्रभातचाच ‘शेजारी’ (1941) बघा. एक पाटील, एक मिर्झा, दोघांची बुद्धिबळाची बैठक. शेवट जड आहे, मोठ्या मुलांसोबत बघा.

सुगरण_नाही :
कोणी प्रोजेक्टर घेतलाय का? सोसायटीच्या गच्चीत कोजागिरीला लावायचाय. डबलबेडच्या चादरीला मध्ये शिवण आहे, माणसांच्या नाकावरून जाते.

अद्वैतची_आई :
गच्चीत दूध किती लिटर? आम्ही गेल्या वर्षी 40 जणांना 8 केलं, कमी पडलं. मुलंच दोन दोन कप पितात.

रास्तापेठ :
मला नाव सांगायचंय ते ‘जगाच्या पाठीवर’ (1960). राजा परांजपे. बाबांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर वाचा गेली. चार महिने आम्ही खुणांनी बोलत होतो. एका दुपारी मी सहज हा लावला, माझं लक्ष भाजी निवडण्यात. गाणं सुरू झालं, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. आणि मागून कोणीतरी गुणगुणल्यासारखं. वळून बघते तर बाबा. बोलता येत नव्हतं, पण सूर होता आणि अर्धे शब्दही होते. मेथीची जुडी हातातच राहिली माझ्या. डॉक्टर म्हणाले असं होतं, बोलणं गेलं तरी गाणं राहतं कधी कधी. पुढची दीड वर्षं रोज दुपारी तोच. मुलांना सगळी गाणी पाठ झाली. गेल्या श्रावणात बाबा गेले.

पेठकरीण :
@रास्तापेठ ताई, काय लिहू.

डेक्कनचा_पाऊस :
🙏 बाबांना नमस्कार.

चिंचगुळ :
ताई, मुलांना गाणी पाठ आहेत हे फार मोठं आहे.

वारजेकर :
आमच्याकडे चिठ्ठ्यांचा डबा. प्रत्येकाने आठवड्याला एकच नाव टाकायचं, शनिवारी सगळ्यात लहान असेल त्याने काढायची. निघाली ती निघाली, अर्धा तास कोणी ब्र काढायचा नाही. अर्ध्या तासानंतर आजवर एकदाच बंद केलाय. असाच ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) निघाला. माझ्या आईने पंढरपूरची चिठ्ठी टाकलेली म्हणजे मुलांना वाटलं भजन-कीर्तन. ती तर सायकलची गोष्ट! दुसऱ्या दिवशी पोरगा स्वतःची सायकल फडक्याने पुसत होता, कधी नव्हे ते.

सुगरण_नाही :
डबा आवडला. पण पडद्याचं सांगा ना कोणीतरी.

मुठाकाठ :
धोतर! पांढरं, दुहेरी करून ताणायचं, शिवण नाही. वरच्या कडेला बांबू, खाली चार कपड्यांचे चिमटे नि विटा. माझ्याकडे वडिलांचं कोरं पान आहे, न्या. कुठे राहता?

सुगरण_नाही :
सिंहगड रोड. येते काका रविवारी.

पेठकरीण :
वारजेकर, डबा केला आज. गोडाच्या मसाल्याचा रिकामा होता, वास आहे अजून. सासूबाईंना लिहायला चष्मा हवा होता, लेकीने विचारून लिहिली, कोणाला सांगायची नाही म्हणतात. आता चारच चिठ्ठ्या आहेत आणि आठ वाजलेत. कुकर उतरला की काढतोय.